बर्फ वजा जाता

जानेवारीत पीटरहेडला चारच्या आत अंधारतं.
गणित विभागाच्या खोलीत हीटर खोकत असतो,
टेबलाभोवती आम्ही पाचजण
आणि एकाच उत्तरपत्रिकेच्या पाच झेरॉक्स.
सगळ्यांनी वेगवेगळं तपासायचं
आणि मग एका आकड्यावर यायचं,
असा दर वर्षीचा रिवाज.

प्रश्न सातवा, गुण तीन.
तीनशे चाळीसमधून पंधरा टक्के कमी करा.
कॅल्क्युलेटर वापरू नये.

मिरेननं लिहिलं: २८९.
बस्स.
ना गुणाकार, ना वजाबाकी, ना साधी खाडाखोड.
हातचासुद्धा कागदावर उतरू दिला नाही पोरीनं.
एवढ्या कोऱ्या जागेत नुसते तीन आकडे,
रिकाम्या धक्क्यावर तीन सीगल उभे असावेत तसे.

कॉर्डिनरबाईंनी तीन दिले. बरोबर ते बरोबर.
रुअरीनं दोन; नवा आहे, त्याचा हात अजून अडखळतो.
फार्कर पेन्सिलीला टोक करत बसला.
इशबेल म्हणाली, शून्य,
आणि छापील सूचनेवर बोट ठेवलं:
कृतीविना उत्तर ग्राह्य नाही.
दुसऱ्या हातानं बिस्किट चहात बुडवलं.

मी एक दिला होता.
का, ते मला सांगता येईना.
माझी कृती कुणी मागितली असती
तर तिथंही कोरीच जागा निघाली असती.

शेवटी शून्यावर एकमत झालं.
हिरव्या शाईत मी लिहिलं: कृती दाखव.
एकोणीस वर्षांत हे दोन शब्द इतक्यांदा लिहिलेत
की मागं एकदा रबरी शिक्काच करून घेतला.
ड्रॉवरमध्ये आहे. शाई वाळून गेली त्याची.

हिरवी शाई आमची, जांभळी मुलांची.
जांभळ्यात बहुधा 'ओके' येतं,
नाहीतर 'सॉरी सर'.
एकदा एकानं नुसता मासा काढला होता, दात असलेला.

सोमवारी मिरेनची वही परत आली.
समासापासून तिरकं घसरत गेलेलं जांभळं अक्षर:

'टब तीनशे चाळीस किलोचा.
बाबा म्हणतात, शेकडा पंधरा बर्फ धर.
एक शून्य खोड, चौतीस.
त्याचं निम्मं सतरा.
मिळून एक्कावन्न, ते वितळणार.
उरला तो मासा.
शनिवारी पहाटे पाचला मी हे बाबांबरोबर करते.
हातमोजे असतात. लिहिता येत नाही.'

मी ती वही मधल्या सुट्टीत खोलीत फिरवली.
कॉर्डिनरबाई दोनदा वाचून खिडकीपाशी गेल्या.
रुअरीनं फोटो काढू का विचारलं.
इशबेलनं चष्मा वर सरकवून सगळं नीट वाचलं.
तिच्या नवऱ्याचे दोन भाऊ ट्रॉलरवर होते, हे मला ठाऊक आहे.
म्हणाली,
'मे महिन्यात पेपर तपासणारा माणूस इथला नसेल.
त्याला बर्फ दिसणार नाही.
शून्यच.'

मग मी हिरव्यात लिहिलं:
हेच लिही. चौतीस, सतरा, एक्कावन्न.
हातमोजे काढून.
खाली जांभळं उत्तर आलं: बरं.

मार्चच्या चाचणीत चारशे साठ आले, टक्के तेच.
मिरेननं सेहेचाळीस लिहिले.
खाली तेवीस.
खाली एकोणसत्तर, दोनदा गिरवलेले.
सुंदर, सुटसुटीत, माझ्याच वळणाची कृती.
त्याखाली उत्तर: ४०१.

रीतीचे दोन, उत्तराचा शून्य.
पाचहीजणांचं दहा सेकंदांत एकमत.
गेल्या खेपेपेक्षा दोन गुण जास्त,
आणि दहा किलो बर्फ
मासा म्हणून खपलेला.

कुणी काही बोललं नाही.
इशबेलचं बिस्किट तुटून चहात पडलं,
आणि ती चमच्यानं ते शोधत राहिली,
कितीतरी वेळ.